फक्त पांढरी एक

मी रॉकस्टार होतो. हे वाक्य स्टाफरूममध्ये मी एकदाच म्हणालो. भूगोलाच्या सरांनी आपल्या डब्यातली वांग्याची भाजी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "घ्या, तुम्हाला गरज आहे." तेव्हापासून मी तो विषय काढत नाही.

पण होतो. कॉलेजात असताना आम्ही चौघांनी बँड काढला होता. त्याचं नाव सांगत नाही. बायकोला ते आठवलं की ती आजही हातातलं लाटणं खाली ठेवून हसते. मी कीबोर्ड वाजवायचो आणि गाणी लिहायचो. बाकीच्या तिघांपैकी गिटारवाल्याकडे केस होते, गायकाकडे गाडी होती आणि ड्रमवाल्याकडे जागा होती. जागा म्हणजे नाशिकच्या द्वारका चौकाजवळचं त्याच्या काकांच्या ट्रान्सपोर्टचं गोडाऊन. कांद्याच्या रिकाम्या गोण्यांवर बसून आम्ही जगाला हादरवायची तयारी करत होतो, आणि बाहेर रिव्हर्स घेणारे ट्रक जी ट्यून वाजवायचे ती आमच्या गाण्यांत न विचारता शिरत होती.

आमची सगळी गाणी नाशिकबद्दल होती, कारण आम्ही नाशिकबाहेर फारसे गेलोच नव्हतो. सगळ्यांत गाजलेलं गाणं द्वारकेच्या ट्रॅफिकवर होतं. "अडकलो, अडकलो, द्वारकेला अडकलो," एवढेच शब्द आणि मग जिना चढत जावं तशी वर वर जाणारी चाल. एका गॅदरिंगमध्ये पोरांनी ते तीनदा म्हणायला लावलं. त्यात काय कला होती असं कुणी विचारलं तर त्याने संध्याकाळी सहा वाजता द्वारकेला जाऊन उभं राहावं.

आता एक कबुली देतो. ती तेव्हा त्या तिघांनाही ठाऊक नव्हती. मला कीबोर्ड वाजवता येत नव्हता. म्हणजे येत होता, पण एकाच जागी.

ज्यांचा पेटीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सा कुठल्याही पट्टीवर धरता येतो. गाणाऱ्याचा आवाज जिथे बसेल तिथे. पहिल्या पांढऱ्या पट्टीवर सा धरला की त्याला म्हणायचं पांढरी एक. मग नुसत्या पांढऱ्या पट्ट्या ओळीने दाबत गेलं की सा रे ग म तयार. गाढवालाही येईल. मलाही आलं. बाकी अकरा ठिकाणी सा धरला की मध्ये काळ्या पट्ट्या येतात, बोटांची सगळी ठेवण बदलते आणि ती शिकायला माणसाला कुणापुढे तरी मांडी घालून बसावं लागतं. मी कुणापुढे बसलो नाही, कारण मी रॉकस्टार होतो. आणि मुख्य म्हणजे कीबोर्डवर एक बटण असतं. ते दाबलं की बोटं पांढरी एकमध्येच नाचतात आणि आवाज पाहिजे त्या सुरात निघतो. गिटारवाला म्हणायचा, "ई मध्ये घे." मी गंभीर चेहऱ्याने मान हलवून बटण चार वेळा दाबायचो. बोटं होती तिथेच.

ऑर्केस्ट्रातले निम्मे कीबोर्डवाले असेच असतात. आम्ही एकमेकांना ओळखतो, पण बोलत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एकदा मूठ उघडायची वेळ आली होती. निफाडकडे एका द्राक्षमळ्यात वाइनचा महोत्सव होता. लोक पेले घेऊन बांधावर उभे होते आणि आम्ही स्टेजवर. गाणं ऐन रंगात असताना जनरेटर बंद पडला, मिनिटभराने सुरू झाला. गिटारवाल्याने ओरडून चार आकडे मोजले आणि आम्ही परत तुटून पडलो. वीज गेली की ते बटण शून्यावर येतं हे मी विसरलो होतो. गिटार एका गावात, मी दुसऱ्यात. गायक बिचारा मधल्या फाट्यावर उभा. सगळं गाणं आम्ही तसंच वाजवलं, कारण थांबलो असतो तर चूक झाल्याचं कळलं असतं. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरने आम्ही प्रयोगशील असल्याचं लिहिलं. मी ते कात्रण जपून ठेवलंय. त्यातून मी एकच धडा घेतला: जनरेटरवाल्याशी मैत्री ठेवायची.

पुढे व्हायचं तेच झालं. गिटारवाला पुण्याला आयटीत गेला आणि त्याचे केस गेले. गायक कॅनडाला गेला. ड्रमवाला काकांच्या धंद्यात शिरला आणि आता स्वतःच ट्रक रिव्हर्स घ्यायला लावतो. मी बरीच वर्षं लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवलं, नवरदेवाच्या मामांना नाचवलं, आणि मग लग्न झालेल्या माणसाला शोभेल असं काहीतरी करायचं म्हणून एका शाळेत संगीतशिक्षक झालो.

मुलाखत मोठ्या बाईंनी घेतली. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या गणित शिकवतात आणि जगाकडे उदाहरण सोडवायला दिल्यासारखं बघतात. त्यांनी प्रार्थना वाजवायला सांगितली, मी बटण दाबून वाजवली, त्या म्हणाल्या, "छान. तासिका तत्त्वावर घेऊ." म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढा वेळ तुम्ही शिक्षक, मे महिन्यात तुम्ही कुणीच नाही.

शाळेत एक जुनी पेटी होती. मी तिला कपाटात कोंडलं आणि सगळ्यांना सांगितलं की तिचा भाता गेलाय. भाता ठणठणीत होता.

पण वर्षातून एकदा पेटीला बाहेर काढावंच लागायचं. आंतरशालेय समूहगीत स्पर्धा. तिथे नियम असा की इलेक्ट्रॉनिक वाद्य चालणार नाही, पेटी आणि तबला फक्त. पेटी आयोजकांची, आणि वाजवणारा शाळेचाच शिक्षक पाहिजे. ज्याने हा नियम केला त्याला मी सहा वर्षं मनातल्या मनात शिव्या घालत होतो. मग मार्ग काढला. मुलांची सगळी तयारी पहिल्या दिवसापासून पांढरी एकमध्येच करून घ्यायची. मला दुसरं काही वाजवता येत नाही तर मुलांनी दुसरीकडे गायचंच नाही. सोपं गणित, मोठ्या बाईंनाही आवडलं असतं.

आता पन्नास मुलांचे आवाज एका जागी बसत नाहीत. कुणाचा वर चढत नाही, कुणाचा खाली उतरत नाही. जी बसली ती पुढच्या रांगेत. जी बसली नाहीत त्यांना मी सांगायचो, "तू मागे उभा राहा आणि नुसते ओठ हलव." हे मी शोधून काढलेलं नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक समूहगीतात मागच्या रांगेत चार-पाच ओठ हलवणारे असतात. गणवेशाची रांग भरलेली दिसायला हवी ना. मी फक्त ते फार सहज सांगायचो, शिंकणाऱ्याला रुमाल धर म्हणावं इतकं सहज. "बेसूर आहेस, काही हरकत नाही, ओठ हलव." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी तर अंगणालाच मागे उभं केलं होतं.

गेल्या वर्षी त्या मागच्या रांगेत एक मुलगी होती, सहावीतली. निफाडजवळच्या गावातून एसटीने यायची. आवाज जाड. हजेरी देताना "हजर" म्हणाली की वर्गातली पोरं मागे वळून बघायची. पहिल्याच दिवशी मी तिला ओठ हलवायला लावलं, आणि तिने ते काम इतकं मन लावून केलं की कुणालाही ती सगळ्यांत मोठ्याने गातेय असं वाटावं.

या वर्षी ती सातवीत आली. मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, "सर, तुमच्या कायम होण्याचा विषय या वर्षी संस्थेपुढे ठेवते. स्पर्धेला मी स्वतः येणार आहे, संस्थेचे लोकही असतील. जरा बघा." मी बघतो म्हणालो. स्पर्धेचा विषय पर्यावरण होता. मला नवीन चाल सुचेना, म्हणून मी आमच्या द्वारकेच्या गाण्याचीच चाल घेतली आणि 'अडकलो'च्या जागी झाडं लावली. मुलांना फार आवडलं. वीस वर्षं मुरलेली चाल होती, बोटांना पाठ होती, पांढरी एकमध्ये.

एका शनिवारी तालीम चालू असताना लाईट गेली. कीबोर्ड मेला. मी मुलांना "गप्प बसा" सांगून ऑफिसात चहाला गेलो. परत येताना व्हरांड्यात ऐकलं, तर गाणं चालू होतं. आणि ते माझं गाणं असूनही मला ओळखू येईना. चाल तीच, पण शांत. वर चढण्याच्या जागी रोज मुलं मानेच्या शिरा ताणून किंचाळायची. आज कुणी किंचाळत नव्हतं. सगळी आरामात चढत होती, वर जाऊन उभी राहत होती, उतरत होती. खिडकीतून पाहिलं. सुरुवात करून देणारी होती ती मागच्या रांगेतली. तिने आपल्या जाड आवाजाला सोसेल तिथून गाणं उचललं होतं आणि बाकीची तिच्या मागे गेली होती. एक सूर हलत नव्हता.

मी आयुष्यभर जे बटण दाबलं ते या पोरीने नुसत्या गळ्याने दाबलं होतं. ती बेसूर कधीच नव्हती. ती फक्त खाली होती.

लाईट आल्यावर मी बाकीच्यांना मैदानात पिटाळलं आणि तिला परत म्हणायला लावलं. तिने तिथूनच उचललं. मी बटण खाली खाली नेत गेलो. एक, दोन, तीन, चार. चौथ्याला ती आणि कीबोर्ड एक झाले. चौथ्या काळ्या पट्टीवर सा. काळी चार.

"गेल्या वर्षी तू काहीच का बोलली नाहीस?" मी विचारलं. उलट तिच्यावरच डाफरलो, स्वभाव आहे.

"तुमी म्हणले ना ओठ हलव."

"बरं. या वर्षी गायचंय का?"

ती पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. मग म्हणाली, "सर, आप्पा गेल्या वर्षी आलते. पहिल्या रांगेत बसलते. घरी गेल्यावर म्हणले, समद्या पोरींचा आवाज आला, तुझा नाय आला."

"मग तू काय सांगितलंस?"

"माईक खराब होता म्हणलं." आणि थोड्या वेळाने, "या वर्षी बी येणारेत. म्हणले, माईकजवळ उभी राहा."

तिचे आप्पा कांद्याच्या मार्केटात लिलाव पुकारतात. सकाळपासून एका आवाजात, एका दमात, ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर. त्या माणसाला आवाज म्हणजे काय ते कळतं. तो माईकच्या थापेला किती दिवस फसणार? आणि ही पोरगी त्याच्यापुढे दुसऱ्यांदा तोंड हलवत उभी राहणार होती, कारण मला काळ्या पट्ट्या येत नव्हत्या. मला स्वतःची लाज वाटली. साधी, सरळ लाज, जी बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती.

म्हणजे आता दोनच रस्ते होते. गाणं पांढरी एकमध्ये ठेवायचं, पोरीला मागे उभं करायचं आणि कायम व्हायचं. किंवा गाणं काळी चारमध्ये न्यायचं आणि संस्थेच्या लोकांसमोर दाखवून द्यायचं की यांच्या संगीतशिक्षकाला पेटी येत नाही. स्पर्धेला तीन आठवडे होते. मी दुसरा रस्ता धरला असं सांगायला आवडलं असतं. खरं म्हणजे मी आधी तिसरा शोधला. काही पेट्यांची पट्टी अख्खी सरकवता येते, कीबोर्डच्या बटणासारखीच. आयोजकांना फोन करून विचारलं, तुमची पेटी तसली आहे का? ते म्हणाले, "आमची पेटी फार जुनी आणि फार चांगली आहे." म्हणजे नाही.

मग कपाटातली पेटी रिक्षात घालून घरी आणली. काळी चारमध्ये सा धरला की चार काळ्या पट्ट्या येतात. माझी बोटं त्या पट्ट्यांवर चढायची आणि ओल्या फरशीवरून घसरावीत तशी पांढऱ्यांवर उतरायची. वीस वर्षं स्वतःचं गाणं वाजवणारा माणूस, आणि पहिली ओळ येईना. बायकोने दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो रॉकस्टार, शेजारच्या काकू विचारत होत्या, तुमच्याकडे पेटी शिकायला लहान मुलं येतात का?"

मी पेटी तासभर बंद ठेवली. मग परत उघडली.

शाळेत तालीम आता पेटीवर आणि काळी चारमध्ये. जाड आवाजाची पोरगी पुढच्या रांगेत मधोमध. मुलं मजेत गात होती आणि मी दर दोन ओळींनी ठेचकाळत होतो. चौथ्या-पाचव्या वेळी त्याच जागी चुकलो तेव्हा ती अगदी मनापासून, मदत करायच्या सुरात म्हणाली, "सर, तुमी नुसती बोटं हलवा. आमी गातो."

वर्ग फुटला. पोरं बाकांवर डोकी ठेवून हसली. मी इतका संतापलो की "सगळे बाहेर!" असं ओरडलो. सगळे बाहेर गेले आणि बाहेरून हसण्याचा आवाज येत राहिला. एकटा बसलो तेव्हा कळलं की हे वाक्य ती कुठून शिकलीय. पाच मिनिटांनी मी दार उघडून सगळ्यांना आत बोलावलं. पहिल्या ओळीपासून सुरू केलं.

स्पर्धेच्या दिवशी मोठ्या बाई पहिल्या रांगेत, शेजारी संस्थेचे दोघे, पांढरे कपडे आणि कपाळाला आठ्या. त्याच रांगेच्या टोकाला एक उंच माणूस, डोक्यावर टोपी, हात गुडघ्यांवर. बघताक्षणी ओळखला, मुलगी त्याच्यावरच गेली होती. ती माईकपासून हातभर अंतरावर उभी होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती.

सुरुवात बरी झाली. पहिलं कडवं मी पडत-धडपडत पार केलं. मनात म्हणालो, निभतंय. दुसऱ्या कडव्यात चाल वर चढते, जिथे द्वारकेच्या गाण्यात मी डोळे मिटून केस उडवायचो. तिथे सवयीने डोळे मिटले. बोटं घरी गेली. पांढऱ्यांवर. असा भयंकर आवाज निघाला की तबलेवाल्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी पाहिलं. संस्थेच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या द्राक्षमळ्यात मी थांबलो नव्हतो, कारण थांबलं की चूक कबूल होते. इथे जर तसाच रेटत राहिलो असतो तर मुलं माझ्या मागे पांढऱ्यांत घसरली असती.

मी हात उचलला.

मुलं हलली नाहीत. तिच्या जाड आवाजाला धरून सगळी चढली, पेटीशिवाय, आणि वर उभी राहिली. मी दोन पट्ट्या शोधल्या, तिचा सा आणि तिचा प, त्या दाबून धरल्या आणि शेवटपर्यंत नुसता भाता मारत बसलो. बोटंसुद्धा हलवली नाहीत.

नंबर आला नाही. परीक्षकांच्या शेऱ्यात मुलांचे सूर पक्के असल्याचं लिहिलं होतं आणि साथ अपुरी असल्याचं. दोन्ही खरं होतं. बाहेर अंगणात मुलीचे आप्पा तिच्याजवळ उभे होते. लिलावाच्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं तिला म्हणाले, "आला बरं का आवाज. पार मागच्या भिंतीपस्तोर." मग माझ्याकडे वळून विचारलं, "सर, मधीच पेटी बिघडली व्हती काय?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. हो म्हणणं फार सोपं होतं.

"पेटी चांगली होती. मलाच नीट येत नाही," मी म्हणालो.

"आसं व्हय," ते म्हणाले आणि टोपी सारखी केली. त्यांना बहुतेक वाटलं की शहरात असं चालत असेल.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. मी सगळं सांगितलं, बटणासकट. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे असं समजायचं का," त्या म्हणाल्या, "की गणिताच्या बाईंना फक्त पाचाचाच पाढा येतो?"

"तसंच."

"आणि सहा वर्षं सगळी मुलं पाचाचाच पाढा म्हणतायत?"

"हो बाई."

कायम होण्याचा विषय संस्थेपुढे गेला नाही. पुढच्या वर्षी बघू, त्या म्हणाल्या, आणि तोवर शिकून घ्या. काढून टाकलं नाही हेच पुष्कळ. आता मी रविवारी एका गुरुजींकडे जातो. माझ्या शेजारी तिसरीतली एक मुलगी बसते आणि ती काळी चार माझ्यापेक्षा चांगली वाजवते. मला तिचा राग येतो.

पण मला खरा त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. मोठ्या बाईंचा तो प्रश्न डोक्यातून जाईना. सहा वर्षं, दर वर्षी चार-पाच मुलं. मी एके दिवशी मोकळ्या तासाला बसून आठवायला लागलो. बहुतेक शाळा सोडून गेलेली. कुणाचं नाव आठवत होतं, कुणाचा फक्त चेहरा, तोही तोंड उघडं असलेला. गेल्या दोन-तीन वर्षांतली या वर्षी काळी चारमध्ये गायली होती; त्यांच्या आधीच्यांपैकी शाळेत अजून असलेली एकच निघाली, दहावीतली. पाचवीत असताना तिला मागे उभं केलं होतं. आता वक्तृत्वात बक्षिसं आणते, प्रार्थनेला रांगा लावते. प्रार्थना सुरू झाली की बाजूला जाऊन उभी राहते. हे मी रोज बघत होतो.

मधल्या सुट्टीत तिला संगीताच्या खोलीत बोलावलं. तिला वाटलं रांगांबद्दल काहीतरी असेल. मी म्हणालो, "पाचवीतलं समूहगीत आठवतं का? म्हणून दाखव."

"सर, मी बेसूर आहे," ती हसून म्हणाली. अजिबात वाईट न वाटता, चष्म्याचा नंबर सांगावा तसं. "घरी पण सगळ्यांना माहितीय. माझ्या वाढदिवसाला पण मी नुसत्या टाळ्या वाजवते."

"तरी म्हण. तुला सोपं वाटेल तिथून."

ती म्हणायला लागली. शब्द सगळे पाठ होते. साहजिकच, ओठ हलवायचे तर शब्द पाठ लागतातच. आवाज बारीक, वरचा, पहिल्या ओळीला थरथरणारा. मी बटण वर नेत गेलो. एक, दोन. तिसऱ्याला बसला. काळी दोन. मी बोटं पांढरी एकमध्ये ठेवून तिच्या मागोमाग वाजवत गेलो आणि ती गात गेली. दुसऱ्या ओळीला थरथर थांबली. तिसऱ्या ओळीला तिने स्वतःच ऐकलं. गाणं मध्येच तोडून ती कीबोर्डकडे बघायला लागली.

"हे बरोबर येतंय," ती म्हणाली.

"हो."

"मग पाचवीत का येत नव्हतं?"

मी तिला सांगितलं. पांढरी एक म्हणजे काय ते दाखवलं, बटण दाखवलं, तिचा आवाज तीन पट्ट्या वर होता आणि मला तिथे वाजवता येत नव्हतं, हे सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. हुशार मुलगी आहे, लगेच कळलं तिला. मला वाटलं रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे थोडी गोंधळून बघत राहिली, आणखी काही असेल म्हणून वाट बघावी तशी.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो.